मदत हवी आहे : भोरहून माणगावला लाकडी कोठार न्यायचे आहे – अखंड न्यावे की सोडवून?

नमस्कार.

भोर तालुक्यात नीरा-देवघर धरणाच्या बाजूला आमचे वडिलोपार्जित घर असून त्याच्या मागील अंगणात भात साठवण्याचे एक लहान सागवानी कोठार आहे. वाटणीनंतर ती जागा चुलत्यांकडे गेली. तेथे त्यांना नवे घर बांधायचे असल्यामुळे मेअखेरपर्यंत कोठार हलवणे भाग आहे. माझी स्वतःची जागा रायगड जिल्ह्यात माणगावजवळ आहे आणि ते तेथे पुन्हा उभे राहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजोबांनी ते गावच्याच सुतारांकडून करून घेतले होते. त्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली, खाचेत बसणारी जीभ) आणि लाकडी खुंट्यांवर आहेत. त्यामुळे लाकूड विकून टाकण्याचा विचार मला करवत नाही.

मापे अशी आहेत. लांबी १२ फूट, रुंदी ८ फूट. लांबीच्या प्रत्येक बाजूला तीन, असे एकूण सहा खांब दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे आहेत. खालच्या आणि वरच्या तुळयांसह भिंतीची उंची ७ फूट असून छपराचे आढे (माथ्यावरचे आडवे लाकूड) तळापासून साडेदहा फुटांवर आहे. भिंतींच्या इंचभर जाडीच्या फळ्या खांबांच्या खाचांत वरून सरकवलेल्या आहेत. छप्पर वगळता लाकूड सुमारे ६५ घनफूट भरते, म्हणजे वजन साधारण १,२०० किलो असावे. मंगलोरी कौले अडीचशेच्या आसपास आहेत. एक कौल दोन ते अडीच किलोचे धरले तरी तेवढाच अर्धा टन होतो.

पहिला प्रश्न अर्थातच अखंड नेण्याचा आहे. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटर यांपलीकडे जाऊ नये, एवढे नियम मी पाहिले आहेत. छप्पर ठेवले तर दोन्ही बाजूंच्या वळचणींसह रुंदी १० फूट, म्हणजे तीन मीटरांहून अधिक होते, आणि गाडीच्या तळाची उंची मिळवली की आढे चार मीटरांच्या वर जाते. म्हणजे छप्पर उतरवावेच लागणार. उरलेला सांगाडा २.४४ मीटर रुंद आहे, म्हणजे तो कसाबसा नियमात बसतो. एका वाहतूकदाराने मला फोनवर सांगितले की छपरासकट नेऊ, वरून ताडपत्री टाकली की कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्यात बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपयांचा दंड आहे आणि माल जागेवर उतरवावाही लागतो. पण त्याहून मला घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराची काळजी वाटते. त्यामुळे तो पर्याय मी सोडून दिला आहे.

दुसरा प्रश्न मार्गाचा आहे. वरंधा घाटाने महाडला उतरणे जवळचे आहे, परंतु तो अरुंद आहे आणि अलीकडे पावसाळ्यात जड वाहनांसाठी बंद ठेवला जातो. पुण्याला वळसा घालून ताम्हिणी घाटाने जाणे लांबचे पडते, मात्र तो मार्ग थेट माणगावला उतरतो. शेवटचे तीनशे मीटर जेमतेम नऊ फूट रुंदीची पाणंद आहे आणि तिच्यावर फणसाच्या फांद्या आलेल्या आहेत.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. लाकूड जुने असले तरी साग असल्यामुळे वनविभागाचा वाहतूक परवाना लागेल, असे सुतारांचे म्हणणे आहे. असे काम कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली पाणंदच या प्रश्नाचे उत्तर देते. नऊ फुटांच्या वाटेत आठ फूट रुंदीचा सांगाडा घेऊन मोठी गाडी जाणार नाही, आणि छप्पर उतरवलेला सांगाडा हायड्रा क्रेनने उचलताना पिळवटला तर कुसू मुळाशीच तुटतात. मात्र प्रत्येक फळी सुटी करण्याचीही गरज नाही. लांबीच्या दोन भिंती त्यांचे तीन खांब आणि वरखालच्या तुळया यांसह अखंड ठेवाव्यात, आणि आखूड बाजूंच्या फळ्या व आडव्या तुळया तेवढ्या सोडवाव्यात. अशी एक भिंत साधारण साडेतीनशे किलोची होईल. आठ-दहा माणसे ती सावकाश उचलू शकतात आणि ती चौदा फुटी टेम्पोत उभी राहते. प्रत्येक भिंतीला आतून दोन तिरक्या पट्ट्या आवळाव्यात. खिळा मात्र एकही मारू नये.

खुंट्या निमुळत्या असतात, म्हणून बारीक टोकाकडून ठोकून काढाव्यात. खुणा खडूने करू नयेत, घामट हातांनी त्या पुसल्या जातात. पटाशीने सांध्याच्या आतल्या बाजूला आकडे कोरावेत. परवान्यासाठी सुटे करण्यापूर्वीच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि उभ्या कोठाराची छायाचित्रे जोडावीत, कारण एकदा ओंडक्यांसारखा ढीग झाला की ते जुने बांधकाम होते हे पटवणे अवघड जाते. माणगावचा पाऊस आणि वाळवी लक्षात घेता तळखडे जुनेच न्यावेत, पण जोते अडीच फूट उंच करावे. सांधे पावसाआधीच बसवावेत, कारण ओल धरून फुगलेला कुसू खाचेत शिरत नाही.

धागाकर्ता :

आपले मनःपूर्वक आभार. ताम्हिणीचा मार्ग आणि चौदा फुटी टेम्पो नक्की केला असून अर्जासाठी छायाचित्रे आजच काढली. आपण खुणांविषयी लिहिल्यावर जमिनीवरील दोन्ही कर्ण मोजले, तेव्हा त्यांत दीड इंचाचा फरक आढळला. कोठार इतकी वर्षे त्याच कलाने उभे आहे आणि सांधेही त्या कलाला सरावले आहेत. नव्या जोत्यावर तळखडे काटकोनात बसवावेत की हा दीड इंच जसाच्या तसा ठेवावा, एवढे सांगाल का?