वनहक्काचा पट्टा मिळाला, आता बांबू व्यापाऱ्याला उभाच द्यायचा का?

रानवाटा (कुरखेडा तालुका):
आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला. आता एक व्यापारी मागं लागलाय. म्हणतो, जंगलातला बांबू उभाच द्या. मजूर माझे, मोजणी माझी, निम्मे पैसे आगाऊ. लग्नसराई तोंडावर, त्यामुळं बरेच जण राजी आहेत. वर सांगतो, टीपी (माल वाहून न्यायचा परवाना) वनखात्याकडूनच निघते, ती मी बघून घेतो. खरं आहे का हे?

धानोरेकर:
टीपीचं साफ खोटं. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेला माणूस देतो. आधी यासाठी फार भांडावं लागलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा माल, असं स्पष्ट लिहिलेलं असूनही! शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा वाहतूक परवान्यांचं पासबुक ग्रामसभेच्या हाती पडलं.

पण मला जास्त काळजी कोयत्याची वाटते. नवे वास्ते (कोंब) रांजीच्या, म्हणजे बांबूच्या बेटाच्या, बाहेरच्या कडेला फुटतात, जुना बांबू मधे गुंतलेला असतो. नगावर पैसे घेणारा परका मजूर मधे कशाला शिरेल? कडेचा कोवळा सपासप तोडतो नि पुढं जातो. मधला गाभा गच्च होऊन रांजी गुदमरते. आमच्याकडं दोन वर्षांच्या आतल्या बांबूला हात लावत नाहीत, कापायचं ते दुसऱ्या पेराच्या वर, दर रांजीत आठ-दहा जुने राखायचे आणि पावसाळ्यात कटाई बंद. हे सांभाळायचं तर मजूर गावचेच हवेत, मोजणीही गावची. आगाऊचं म्हणाल तर आमच्याकडं एकानं निम्मे दिले आणि उरलेले ‘माल आखूड निघाला’ म्हणून बुडवले. वही त्याचीच होती, बोलणार काय?

टेंभरू:
चंद्रपूरकडचं सांगतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं बांबू स्वतः विकायला घेतला आणि तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानांसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठून लागणार?

धानोरेकर:
पाचगावला मानलं बाप्पा, पण सगळ्यांना ते झेपत नाही. ऐन उन्हाळ्यात घरात रोख येते ती तेंदूचीच. आधी बांबूचं बस्तान बसू द्या.

रानवाटा:
गुरुवारी सभा आहे. मोजणीच्या वहीत रकाने कोणते ठेवता?

धानोरेकर:
तारीख, जंगलाचा कोणता भाग, तोडणाऱ्याचं नाव, नग, लांबी. डेपोवरच भरायची, घरी नेऊन नाही. आणि दर सभेत मोठ्यानं वाचायची. आमच्याकडं पहिल्याच वाचनात दोन नावं दुबार निघाली. व्यापाऱ्यालाही सभेला बोलवा, भाव सगळ्यांसमोर बोलू दे.