अपवेलिंग: उमाळा, उपसा की ऊर्ध्ववहन?

सागरवेध
देवमाशांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. मूळ मुद्दा असा: 'किनाऱ्यालगत अपवेलिंग वाढलं की निळे देवमासे चरायला जमतात.' मी अपवेलिंगला, म्हणजे समुद्राचं खोल पाणी वर येण्याला, 'उमाळा' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'ऊर्ध्ववहन' केलं आणि 'चरायला'समोर प्रश्नचिन्ह टाकलं, कारण देवमासा गवत खात नाही. 'चरणं' ठेवू की बदलू?

आडलाट
'उमाळा' गेला ते बरं झालं. उमाळा आतल्या जोरानं येतो. इथे खालून कसलाच जोर नसतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर वारा उत्तरेकडून वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरच्या थराचं एकूण वहन वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर होतं. त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी चढतं, तेही दिवसाला काही मीटर, फार तर काही दहा मीटर. 'उमाळा' वाचून लोक कारंजं समजतील. 'उपसा' म्हणा. वारा उपसतो.

मूळाक्षर
उपसलं जातं ते वरचं पाणी, नाव द्यायचंय खालून येणाऱ्या पाण्याला. विहीर उपसली की झरे वाहू लागतात, तसंच हे. उपसा हे कारण, उमाळा हा परिणाम. शिवाय उसळणे, उफाळणे यांतला 'उ' संस्कृत 'उद्'चा, 'वर' या अर्थाचा. जिवंत शब्द हाताशी असताना 'ऊर्ध्ववहन' कशाला?

प्लवक
कारण त्याचे जोडशब्द होतात. 'ऊर्ध्ववहन निर्देशांक' चालतो, 'उमाळा निर्देशांक' वाचवत नाही.

पण सागरवेध, शब्दाआधी वाक्य तपासा. 'वाढलं की जमतात' इतकं सरळ नाही. वर आलेल्या नायट्रेटवर आधी डायटम ही सूक्ष्म शैवालं वाढतात, त्यांवर क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव, म्हणजेच क्रिल, पोसतं, मग देवमासे येतात. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात अपवेलिंगचा जोर वसंतात असतो, निळे देवमासे मुख्यतः उन्हाळ्यात आणि शरदात दिसतात. वारा सतत जोराचा राहिला तर प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे बारीक जीव, खोल समुद्राकडे वाहून जातात. मधूनमधून वारा पडावा लागतो. तेव्हा भूशिरांच्या आडोशाला आणि समुद्रतळावरच्या दऱ्यांच्या कडांना क्रिल दाटतं. 'काही महिन्यांनी' आणि 'वारा मधूनमधून पडत असेल तर' हे दोन्ही वाक्यात हवं.

आणि क्रिलला 'जवळा' करू नका. जवळा म्हणजे असेटिस, त्याचा गणच वेगळा. क्रिलचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात.

आडलाट
'चरणं' सरसकट नको. राइट व्हेल जातीचा देवमासा तोंड उघडं ठेवून पोहत राहतो आणि कोपेपॉड हे इवलेसे कवचधारी जीव गाळत जातो. त्याला चरणं शोभतं. निळा देवमासा झेप घेऊन प्रचंड घोट भरतो, मग पाणी गाळून बाहेर टाकतो. त्या झेपेला इतकी ऊर्जा लागते की विरळ क्रिलवर ती परवडत नाही. त्याच्यासाठी 'भक्ष्य टिपणं'ही चूक, कारण तो एकेक टिपत नाही.

मूळाक्षर
मग 'खाद्यक्षेत्र' लिहा, वाद मिटला.

प्लवक
मिटत नाही. 'क्षेत्र' म्हटलं की नकाशावरची कायमची चौकट वाटते. 2010 नंतर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखाताचं खोल पाणी तापलं, तिथलं कॅलानस फिनमार्किकस हे कोपेपॉड घटलं आणि उत्तर अटलांटिकचे राइट व्हेल मोठ्या संख्येनं कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे जहाजांच्या वेगावर आणि मासेमारीच्या दोरांवर पुरेसे निर्बंध नव्हते. 2017 मध्ये कॅनडाच्या पाण्यात 12 राइट व्हेल मेले. संरक्षित चौकट जागच्या जागी राहिली, अन्न सरकलं. माझ्या मते 'खाद्यपट्टा' बरा. पट्टा सरकतो, अरुंदही होतो.

रत्नाकर_भाषा
सगळे 'देवमासा' बिनदिक्कत लिहिताय. तो सस्तन आहे. शास्त्रीय लेखनात 'व्हेल' हवं.

मूळाक्षर
तारामासा तरी कुठे मासा आहे? रूढ नावाकडून वर्गीकरणाची अपेक्षा ठेवू नये.

रत्नाकर_भाषा
तारामाशाबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही, देवमाशाबद्दल शाळेपासून होतो.

आडलाट
'जमतात'वर कुणी बोललं नाही. 2014 ते 2016च्या सागरी उष्णलाटेत कॅलिफोर्नियाजवळचा गार पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत आक्रसला. क्रिल घटलं, हंपबॅक देवमासे अँकोव्ही या छोट्या माशांच्या मागे किनाऱ्याशी आले आणि खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरांत अडकण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढलं. वरून पाहणाऱ्याला देवमासे जास्त दिसले. प्रत्यक्षात अन्नाची जागा कमी झाली होती. अशा वेळी 'जमले' लिहिलं तर सुबत्ता वाटते. मी 'दाटले' लिहीन.

सागरवेध
'दाटले' घेतो. वाक्यात महिन्यांचं अंतर आणि वाऱ्याची अटही घालतो. पुढच्याच परिच्छेदात ओमानचा किनारा आहे: नैऋत्य मोसमी वाऱ्यानं तिथे अपवेलिंग होतं आणि अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे न जाता वर्षभर याच समुद्रात राहतात. तिथे डाउनवेलिंगही, म्हणजे वरचं पाणी खाली जाणं, आलंय. 'ऊर्ध्ववहन' ठेवलं तर 'अधोवहन' आपसूक मिळतं. 'उमाळा' ठेवला तर त्याच्या जोडीला काय?

मूळाक्षर
'निचरा'.

प्लवक
निचऱ्यात पाणी निघून जातं. इथे ते खालच्या थरात उतरतं.