पोर्टरचा ‘डायमंड’ आपल्या केळीला लावून पाहिला, नेमका कोणता कोपरा कमी पडतो?

यावलचा_केळीवाला
रामराम मंडळी. यावल तालुक्यात आमची सात एकर केळी, सगळी ठिबकवर. धाकटी बहीण जळगावला एम.कॉम. करते. तिच्या अभ्यासाला मायकेल पोर्टर आहे, हार्वर्डचा, १९९० साली ‘द कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज ऑफ नेशन्स’ लिहिणारा. दिवाळीत ती घरी आली तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर दोघं मिळून वाचत बसायचो. त्याने दहा देश अभ्यासले आणि एखादा देश एखाद्याच धंद्यात पुढे का जातो, ते चार कोपऱ्यांच्या ‘डायमंड’मध्ये मांडलं: जमीन-पाणी-मजूर-ज्ञान, घरचं गिऱ्हाईक, जोडीचे धंदे आणि आपसातली चुरस.

मी वहीत आपली केळी मांडली. काळी जमीन आहे. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबकच्या नळ्या जळगावातच तयार होतात. चुरस तर बांधाबांधावर आहे. २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते. तरी निर्यातीत पहिला नंबर इक्वेडोरचा! तेही सोडा, आपल्याच राज्यात कंटेनर भरण्यात सोलापूरवाले आपल्या पुढे गेले. आणि मी इथे बोर्डावर जाहीर होणारा भाव एक, बांधावर हातात पडणारा दुसरा, यातच अडकलोय. मला मनापासून समजून घ्यायचंय, आपला कोणता कोपरा कच्चा आहे?

पॅकहाऊसवाला_भाऊ
भाऊ, मी चार हंगाम सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीकडे पॅकहाऊसला (माल निवडून, धुऊन भरतात तिथे) काम केलं, आता रावेरला परत आलोय. माझ्या मते तुझा दुसरा कोपरा कच्चा आहे, गिऱ्हाईकाचा.

आपल्याकडे कापणी कशी होते आठव. मजूर घड खांद्यावर घेतो, बांधावर आपटल्यासारखा ठेवतो, मग ट्रकमध्ये पाल्यावर थरावर थर. हिरवेपणी काही दिसत नाही. पिकायला घातली की जिथे जिथे घासलं तिथे काळी रेघ उठते. तिकडे घड फोमच्या गादीवर उतरवायचो. फणी कापली की चीक गळू द्यायचा, मग तुरटीच्या पाण्याच्या टाकीत, मग पंख्याखाली. बोटाची जाडी कॅलिपरने मोजायची. एक डाग दिसला की ती फणी बाजूला. पहिल्या महिन्यात माझ्या निम्म्या फण्या बाजूला पडायच्या, रडकुंडीला आलो होतो. आखाती बाजारातला खरेदीदार डागाला पैसे देत नाही, त्याने आम्हाला शिकवलं.

आपलं गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या उत्तरेचं. सावदा-रावेर स्टेशनवरून वॅगनी दिल्लीला जायच्या तेव्हापासून तो वजन बघतो, डाग बघत नाही. पोर्टर हेच सांगतो ना, घरचं गिऱ्हाईक चोखंदळ असलं की धंदा सुधारतो? आपल्याला तसं कुणी भेटलंच नाही. शेतकरी आळशी आहे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याने मागितलं नाही त्याच्यासाठी खर्च कोण करेल?

धुळ्याचे_सर
मी अर्थशास्त्र शिकवतो. भाऊंचं पटलं, पण दोन गोष्टी जोडतो.

पहिली, इक्वेडोर आपोआप पुढे गेला नाही. १९४८ ते ५२ गालो प्लाझा अध्यक्ष होते, तेव्हा सरकारने केळीसाठी कर्ज, रस्ते, बंदर यांत पैसा घातला. ग्वायाकिल बंदर बागांच्या जवळ. आपल्याला न्हावाशेवा चारशे किलोमीटरच्या वर. इथे क्लाइड प्रेस्टोविट्झ वाचा. रेगन यांच्या काळात अमेरिकेच्या व्यापार खात्यात राहून त्यांनी जपानशी वाटाघाटी केल्या आणि १९८८ साली पुस्तक लिहिलं. अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन सांगितलं की ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमतं ते त्याने करावं. प्रेस्टोविट्झ म्हणतात, हा फायदा जमिनीतून उगवत नाही, घडवावा लागतो. चिप अमेरिकेत जन्मली, पण ऐंशीच्या दशकात मेमरी चिपचा बाजार जपानने घेतला, आणि त्यामागे ठरवून आखलेलं धोरण होतं. हॉलंडचंही तसंच: थंड हवा, कमी ऊन, तरी फुलांच्या व्यापारात अव्वल. काचघरं, संशोधन, लिलाव त्यांनी उभे केले.

दुसरी, अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्ये बजावलं होतं की देश म्हणजे कंपनी नव्हे. सोलापूर पुढे गेलं म्हणून जळगाव बुडालं असं होत नाही. चुरस मनात धरा, वैर नको.

तापीकाठ
सर, पुस्तक ठीक. केळी साधारण साडेतेरा अंशावर ठेवावी लागते. प्री-कूलिंग (माल भरण्याआधी थंड करणं) लावलं आणि रात्री दोन तास वीज गेली की सगळा माल पिवळा. हा कोपरा कुठल्या चौकोनात बसवायचा?

धुळ्याचे_सर
पहिल्याच, दादा. पोर्टर त्यात रस्ते, वीज सगळं धरतो. आणि तुमची तक्रार अगदी रास्त आहे.

यावलचा_केळीवाला
भाऊ, सर, आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, २०२१ ला तांदलवाडीहून जीआयची २२ टन केळी दुबईला गेलीच होती, म्हणजे रावेरच्या मातीतून हे होतं.

कांदेबागातले, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या केळीतले, दोनशे खोड वेगळे ठेवतोय. घडाला पिशव्या लावणार, कापणी फोमवर. भाऊ, तुरटी किती पाण्याला किती घालायची आणि फणी किती वेळ टाकीत ठेवायची, तेवढं सांग. टाकी मी गावातल्या गवंड्याकडून बांधून घेतो.