मदत हवी आहे: 'नाइट' वाचताना अडणारे शब्द विद्यार्थ्यांना कसे समजावावेत?

नमस्कार. मराठी माध्यमातून शिकून कनिष्ठ महाविद्यालयात आलेल्या काही मुलामुलींचा छोटा वाचनगट मी पुण्यात चालवतो. सध्या आम्ही एली वीझेल यांचे 'नाइट' हे नाझी छळछावण्यांतल्या स्वतःच्या अनुभवांवरचे पुस्तक इंग्रजीतून वाचत आहोत. पुस्तक लहान आहे आणि वाक्ये सुटसुटीत आहेत, म्हणून ते निवडले. निव्वळ कठीण इंग्रजी शब्दांची मला चिंता नाही. ते मुले मोबाइलवर पाहतात आणि त्यांचे काम भागते. शब्दकोशात अर्थ सापडूनही जे शब्द कळत नाहीत, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिला अडसर सुरुवातीलाच येतो. सिगेत गावातला (ते तेव्हा हंगेरीत होते, आज रोमानियात आहे) तेराव्या वर्षाला टेकलेला ज्यू मुलगा दिवसा ताल्मुद (ज्यूंचा धर्मशास्त्रग्रंथ) शिकतो आणि काब्बाला (ज्यूंची गूढविद्या) शिकवणारा गुरू शोधतो, इथेच मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यातही 'काद्दिश' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. एका मुलीने वहीत त्याचा अर्थ 'श्राद्धाचा मंत्र' असा लिहिला आहे. मृतांसाठी ही प्रार्थना म्हणतात, त्यामुळे तो अगदीच चुकला असे म्हणवत नाही. परंतु तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नसून केवळ ईश्वराची स्तुती आहे, हे ठाऊक नसेल तर बिर्केनाऊच्या छावणीत उतरलेली माणसे स्वतःसाठीच काद्दिश म्हणू लागतात आणि त्या मुलाच्या मनात ईश्वराविरुद्ध संताप उसळतो, तो प्रसंग वाचणाऱ्यापर्यंत निम्माच पोचतो.

छावणीतल्या जर्मन शब्दांची अडचण उलटी आहे. त्यांना मराठी प्रतिशब्द फार सहज सापडतात. 'कापो' म्हणजे मुकादम आणि 'आपेल' म्हणजे हजेरी, असे मुलांनी लिहून टाकले. कापो स्वतः कैदीच असे आणि हाताखालच्या कैद्यांना मारण्याची मुभा त्याला असे, हे मुकादमात येत नाही. थंडीवाऱ्यात तासन्‌तास उभे राहणे हजेरीत येत नाही.

सर्वांत फसवे शब्द मात्र मुलांना आधीपासून माहीत असलेले आहेत. आमच्या गटातला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. 'सिलेक्शन' हा त्याच्या घरी पेढे वाटण्याचा शब्द आहे. पुस्तकात कैद्यांना नग्नावस्थेत डॉक्टरांसमोरून पळवतात आणि ज्याचा क्रमांक टिपून घेतला जातो, त्याची रवानगी गॅस चेंबरकडे होते. भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या या मुलाने ते पान दोनदा वाचले आणि विचारले, "सर, म्हणजे निवड झाली नाही तो वाचला?" शब्द त्याला त्या क्षणी कळला, हे उघड आहे. प्रत्येक शब्दाला असा प्रसंग मिळत नाही. 'ट्रान्सपोर्ट' म्हटले की मुलांना ट्रकचा धंदा आठवतो; एकेका मालडब्यात कोंबलेली ८० माणसे आठवत नाहीत.

'म्यूझलमान' या शब्दाने मी खरोखर अडलो आहे. उपासमारीने जगण्याची इच्छाच गमावलेल्या कैद्याला इतर कैदी असे म्हणत. शब्दशः अर्थ 'मुसलमान'. गटात मुस्लिम विद्यार्थीही आहेत. शब्द वगळणे मला पटत नाही आणि कसाबसा उरकणे त्याहून पटत नाही.

शब्दार्थांची यादी देऊन चाचणी घेणे हा मार्ग मला नको आहे. हे शब्द प्रकरणाआधी सांगावेत की प्रसंग वाचून झाल्यावर? कापो, आपेल असे शब्द मुळातलेच ठेवावेत काय? शिवाय काहींकडे १९६० चे स्टेला रॉडवे यांचे भाषांतर आहे, तर काहींकडे २००६ चे मॅरियन वीझेल यांचे, त्यामुळे शब्दांचा मेळ बसत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

आपण काठिण्यानुसार केलेली विभागणी सोडून, शब्द कोणाच्या तोंडचा आहे यानुसार वही आखून पाहावी, असे मी सुचवेन. काद्दिश, योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपवास) हे घरचे शब्द. कापो, म्यूझलमान हे छावणीतल्या रोजच्या बोलण्यातले. तिसरा गट कचेरीच्या भाषेचा: ठार मारण्याला नाझी कागदपत्रांत 'विशेष वागणूक' म्हणत आणि मृत्यूकडे नेण्याला 'पूर्वेकडे पुनर्वसन'. सिलेक्शन आणि ट्रान्सपोर्ट या तिसऱ्या रांगेत लिहिले की ते इतके साधे का दिसतात, हे मुलांना न सांगता उमगते. हे शब्द प्रसंगानंतरच घ्यावेत. डब्यात कोंबलेल्या माणसांनाही पुढचे ठाऊक नव्हते. घरचे शब्द मात्र आधी सांगावेत, कारण ते त्या मुलाला पहिल्या पानापासून येत होते.

कापोसाठी अंदमानच्या सेल्युलर जेलमधील वॉर्डर आणि पेटी अफसर यांचे उदाहरण द्यावे. तेही कैद्यांतूनच नेमलेले असत. साम्य तेवढ्यापुरतेच आहे, हे बजावून सांगावे आणि शब्द 'कापो'च ठेवावा. सणांसाठी तर आपल्याला दूर जावे लागत नाही. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंमध्ये रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, 'नव्याचा सण' हे अस्सल मराठी नाव होते.

म्यूझलमान या शब्दाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अशक्त कैद्याचे वाकून पडणे नमाजाच्या स्थितीसारखे दिसे, ही त्यातली एक उपपत्ती. मी असतो तर मुस्लिम विद्यार्थ्यांशी वर्गाआधी स्वतंत्रपणे बोललो असतो आणि वर्गात एवढेच सांगितले असते की ज्यांच्याविषयी हा शब्द वापरला गेला ते बहुतांश ज्यू होते आणि ज्यांच्यावरून तो घेतला त्यांचा त्यात काहीही संबंध नव्हता. दोन भाषांतरांचा गोंधळ राहू द्यावा. एकच परिच्छेद दोन्हींतून मोठ्याने वाचून घेतल्यास तो उपयोगीच पडेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तीन रांगांची वही उद्यापासून सुरू करतो. बुनाच्या छावणीतल्या रोश हशानाचे प्रकरण लवकरच येईल. त्याआधी मुलांना पुण्याच्या कॅम्प भागातल्या लाल देवळात, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये न्यावे असे मनात आहे. गटाने भेट द्यायची असल्यास परवानगी आधी कशी घ्यावी लागते, हे कोणी सांगू शकेल काय?