वॉटरकलरमध्ये धुक्यातला पांढरा कुत्रा कसा दाखवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचा मोती मार्चमध्ये गेला, तेरा वर्षांचा होता. दर डिसेंबरला आम्ही भंडारदऱ्याला आर्थर लेकच्या काठावर टेंट लावायचो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तोच बाहेर पडायचा, पाण्याकडे तोंड करून बसून राहायचा, समोर रतनगड आणि मधे नुसतं धुकं. तेच चित्र आईसाठी करतेय, ती अजून त्याची वाटी उचलून ठेवत नाही.

कागद ३०० जीएसएम कोल्ड प्रेस आहे. डोंगर जमलेत, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा ग्रे करून ओल्या कागदावर सोडला की लांबचे कडे छान विरघळतात, रतनगडाचं नेढं, म्हणजे माथ्यावरचं आरपार भोक, तेसुद्धा नीट आलंय. अडलंय ते मोतीपाशी. तो पांढरा, मागे धुकंही पांढरं. मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचं आणि नंतर सोलून काढायचं द्रव) लावून बघितलं तर कडा इतक्या कडक आल्या की कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि कागद कोरा सोडला तर धुक्यात हरवूनच जातो. व्हाइट गॉश (अपारदर्शक पांढरा रंग) वापरू का? पण मग तेवढाच भाग खडूसारखा दिसेल ना?

की त्याच्या मागचं पाणीच गडद करू? पण पहाटे पाणी तसं नव्हतं हो, आकाशाइतकंच फिकट होतं, आणि मला ते खोटं करायचं नाहीये. पाठीवरचे दवाने ओले झालेले केस ड्राय ब्रशने येतील का? कोणी असं काही केलं असेल तर प्लीज सांगा, फोटो टाकलात तर फारच बरं.