कोंबड्यांच्या आवारातील चिखल आणि दुर्गंधी: चुना टाकावा का?

प्रश्न

माझ्याकडे 8 कोंबड्या असून खुराड्याला लागून जाळीने बंदिस्त केलेले सुमारे 12 चौरस मीटरचे मोकळे आवार आहे. पाऊस थांबून आठवडा उलटला तरी तेथील जमीन वाळत नाही. वरचा थर काळा आणि चिकट झाला आहे, पाय ठेवला की खालून पाणी वर येते आणि सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो. कोणी चुना भुरभुरायला सांगतात, तर कोणी पेंढा पसरायला. कोंबड्यांना अपाय न होता जमीन कोरडी कशी ठेवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

डोळ्यांना झोंबणारा वास अमोनियाचा असतो. कोंबडीच्या विष्ठेतील पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. त्याला ओलावा मिळाला की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. त्याबरोबर कुजलेल्या अंड्यासारखा वासही येत असेल, तर मातीत हवा शिरणेच बंद झाले आहे, असे समजावे. दोन्ही वासांचे मूळ पाणी हेच आहे, म्हणून वरून काय टाकावे हा प्रश्न मागाहून येतो; आधी पाणी कोठून येते ते पाहावे.

पाऊस पडत असताना आवाराजवळ दहा मिनिटे उभे राहिल्यास बहुतेक उत्तर तेथेच मिळते. खुराड्याच्या छपराचे पाणी आवारात पडत असेल, तर ते सर्वांत आधी थांबवावे, कारण 10 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस झाला की 500 लिटर पाणी एकाच कडेला ओतले जाते. तेथे पन्हळ बसवून पाणी दूर न्यावे. आवार उतारावर असेल, तर वरच्या बाजूने, कुंपणाच्या बाहेरून, साधारण फूटभर खोल चर खणून त्यात दगडगोटे भरावेत, म्हणजे वाहत येणारे पाणी आत शिरण्यापूर्वीच वळते. जेथे कोंबड्या दिवसभर उकरतात त्या भागावर तरी छप्पर घालता आले, तर निम्मे काम झाले.

चुना मात्र मी टाकणार नाही. त्याने वरचा थर काही काळ कोरडा दिसतो, पण जमीन जितकी अल्कधर्मी होते तितका अमोनिया अधिक सुटतो. शिवाय कळीचा किंवा विरलेला चुना ओल्या जमिनीवर पडला, तर पक्ष्यांचे पाय आणि डोळे भाजण्याचा धोका असतो.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. पाण्याला वाट करून दिल्यानंतर जमिनीवर 15 ते 20 सेंटिमीटर जाडीचा लाकडाच्या ढलप्यांचा थर द्यावा. रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडाच्या ढलप्या घेऊ नयेत. एक प्रौढ कोंबडी दिवसाला 100 ग्रॅमहून अधिक विष्ठा टाकते आणि तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, म्हणजे आपल्या आवारात रोज किलोभर ओला, नत्रयुक्त माल पडतो. लाकडातील कर्ब या नत्राला धरून ठेवतो आणि जाड तुकड्यांमधून हवा खेळती राहते. बारीक भुसा उघड्यावर लवकर भिजून दाबला जातो, तर ओला पेंढा थर धरतो आणि त्याला बुरशी येते, म्हणून पेंढा छपराखालीच वापरावा.

खुराड्याच्या आतील गादीसाठी, म्हणजे तळाशी पसरलेल्या पेंढा-भुशाच्या थरासाठी, एक सोपी परीक्षा आहे. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. तो किंचित धरून लगेच सुटला तर ओल योग्य आहे. मुळीच धरला नाही तर धूळ उडण्याइतकी कोरडी आहे.

तिसरे उत्तर

निचरा होणारी जमीन असेल तर जाड, धुतलेली वाळूही चांगली चालते, मात्र विष्ठा रोज वेचावी लागते. बारीक वाळू घेऊ नये, ती चिकणमातीत मिसळून अधिकच घट्ट बसते. पाण्याच्या भांड्याकडेही लक्ष द्यावे. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणून त्याखाली जाळीचा चौथरा ठेवल्यास सांडलेले पाणी एका जागी मुरत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छपराचे पाणी खरोखरच आवारातच पडते, त्यामुळे पन्हळीपासून सुरुवात करीन. सध्याचा काळा थर काढावा, की त्यावरच ढलप्या टाकाव्यात? आवारात काही पिल्लेही सोडायची आहेत.

दुसरे उत्तर देणारे

काळा थर काढूनच टाका, कारण त्यावर टाकलेल्या ढलप्या काही दिवसांतच चिखलात रुततील. फावड्याला घट्ट, वास नसलेली माती लागेपर्यंत खरवडावे आणि तो माल सुकी पाने किंवा ढलप्यांबरोबर थर देत कुजवावा. ताजा माल भाजीच्या वाफ्यात घालू नये. पिल्लांबाबत अधिक जपावे. कोंबड्यांच्या विष्ठेतून पडलेल्या, रक्ती हगवणीच्या परजीवींच्या अंडपेशी उबदार, ओलसर जागी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि त्यांचा सर्वाधिक त्रास लहान पक्ष्यांना होतो. जमीन वाळून नवा थर पडेपर्यंत पिल्ले कोरड्या गादीवर वेगळी ठेवावीत. कोणी पंख फुगवून बसलेले किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे.