आजोबा 71 च्या लढाईबद्दल बोलत नाहीत. ट्रंकेतल्या वस्तूंवरून काय कळेल?

केतकी_कोरेगाव
आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय 79. डिसेंबर 71 मध्ये पूर्वेकडे होते, एवढंच घरात माहीत आहे. विचारलं की "होतो तिकडं" म्हणतात आणि उठून गोठ्यात जातात. ट्रंकेत चार पदकं, डिस्चार्ज बुक आणि आजीला आलेली अंतर्देशीय पत्रं आहेत. त्यांना न दुखवता यातून काय कळू शकेल? आणि विचारायचं झालं तर कसं?

जुनी_पेटी
ट्रंक उघडण्याआधी त्यांना सांगा. पदकं ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. भिंग घ्या, बॅटरी तिरपी धरा. सैनिक क्रमांक आणि नाव कडेला किंवा मागच्या बाजूला बारीक कोरलेलं असतं.

पूर्वी स्टार असेल तर पूर्व आघाडी नक्की. 71 च्या लढाईच्या संग्राम पदकाचं क्षेत्र फार मोठं होतं, नुसत्या त्यावरून माणूस गोळीबारात होता असं म्हणता येत नाही. स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं पदक तर 15 ऑगस्ट 1972 ला नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. घरचे नेमके इथे चुकतात. चार पदकं म्हणजे चार लढाया असं गावभर सांगतात, ते म्हाताऱ्याला निमूट ऐकून घ्यावं लागतं, आणि तो आणखी मिटतो.

डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, पदकं आणि मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, बघा. कॅटेगरी मध्येच घसरली असेल तर जखम किंवा मोठा आजार झालेला असू शकतो. पत्रं तारखेने लावा. एपीओ म्हणजे सैन्याचं डाकघर. 99 एपीओ म्हणजे पूर्वेकडचा पत्ता, 56 एपीओ म्हणजे उत्तर-पश्चिमेकडचा. गावाचं नाव पत्रात सापडणार नाही, ते लिहायची मुभाच नसे. एपीओच्या आधी पलटणीचा नंबर असतो, आणि तुम्हाला तोच हवा आहे.

वाघनख
पलटण कळल्याशिवाय एकही प्रश्न विचारू नका, ताई. नुसतं "मराठा" म्हणून भागत नाही. 1 मराठा म्हणजे जंगी पलटण, 2 मराठा म्हणजे काळी पाचवी, प्रत्येकीचा डिसेंबर वेगळा. जंगी पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. 10 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या 31 बलुच पलटणीचे सैनिक वेढा फोडून बाहेर पडू बघत होते आणि यांनी त्यांचा रस्ता अडवला. अंधारात, अगदी जवळून गोळीबार झाला. उजाडल्यावर समोर काय पडलेलं असेल याचा विचार करा. मरणारी माणसं हाकेच्या अंतरावर होती, त्यांचे आवाज ऐकू येत होते. तिथे असलेला माणूस का बोलत नाही, हे मग विचारावं लागत नाही.

"किती मारले?", "भीती वाटली का?" हे कधीच नको. असं विचारा: सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, एलएमजी (हलकी मशीनगन) कुणाकडे होती? पाठीवर काय काय असायचं? लंगरचं (पलटणीच्या स्वयंपाकघरातलं) जेवण पुढे कसं पोचायचं? नदी कशी ओलांडली? अशा प्रश्नांना हातांच्या आठवणीतून उत्तर येतं.

समोरासमोर बसवून विचारू नका. धारा काढताना, दावं वळताना, हात कामात असताना विचारा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. पहिल्या वेळी मोबाईलवर रेकॉर्डिंग नको. पुढे केलंत तर त्यांना सांगून करा. एखाद्या जोडीदाराच्या नावापाशी थांबले तर "मग काय झालं?" म्हणू नका. नाव मनात ठेवा आणि विषय बैलांवर न्या. दोन महिन्यांनी तेच नाव ते स्वतः काढतील, किंवा काढणार नाहीत. 26 जानेवारीच्या सत्काराचा दिवस यासाठी सगळ्यात वाईट, त्या दिवशी त्यांच्याकडून पराक्रमच ऐकायचा असतो.

निशिगंध_एमडी
एक वैद्यकीय बाजू. वय वाढतं, कामं सुटतात, स्मृती ढासळू लागते, आणि चाळीस-पन्नास वर्षं दाबलेलं वर येऊ शकतं. झोपेत ओरडत असतील तर हलवून उठवू नका, हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावा, पायाकडे लांब उभं राहून नावाने हाक मारा. दिवाळीत सुतळी बॉम्ब अंगणात नकोत. फटाका कधी वाजणार हे आधी सांगितलं तरी फरक पडतो.

तुमच्या प्रश्नांनंतर झोप उडाली, दारू वाढली किंवा जेवण तुटलं, तर प्रश्न तिथेच थांबवा. दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. मरणाची भाषा करू लागले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

केतकी_कोरेगाव
पत्रांवर नंबर सापडला. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला मीच लिहिलं तर चालेल का?

जुनी_पेटी
अर्ज त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने करा. सैनिक क्रमांक, भरती-निवृत्तीच्या तारखा, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा तपासून घ्या. मिळाली तर नोकरीची नोंद मिळेल, त्या रात्रीची हकीकत त्यात नसेल. आणि ते सही करत नसतील तर अर्ज पाठवू नका.